‘बाबा’ म्हणता येईपर्यंत : दुभंगलेला ओठ, टाळू आणि घरातली माणसं

माझ्या भाच्याचा जन्म झाला तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, "बाळ ठणठणीत आहे. ओठ आणि टाळू दुभंगलेली आहे, पण त्यावर ऑपरेशन होतं." आईनं नातवाला हातात घेतलं. वरच्या ओठाला डाव्या बाजूनं थेट नाकपुडीपर्यंत गेलेली फट तिला दिसली. मग तिनं बाळाच्या डोक्यावरून हलकेच बोटं फिरवली आणि म्हणाली, "टाळू तर बरी आहे की."

ती डोक्यावरची टाळू बघत होती, न्हाऊ घालताना जिच्यावर तेल घालतात ती. डॉक्टर बोलत होते तोंडाच्या आतल्या छताबद्दल. आपल्या भाषेत दोन्हींना टाळूच म्हणतात. संध्याकाळी बाळ रडायला लागलं, नर्सनं टॉर्चचा उजेड पाडून तोंडात दाखवलं, तेव्हा कुठे आम्हाला समजलं की छताला मधोमध भेग आहे आणि तोंड आणि नाक आतून एकमेकांत उघडतात.

तो आता अकरा वर्षांचा आहे. लोक अजूनही एकच विचारतात, "ऑपरेशन झालं ना?" झालं. पण फट बाळाला असली तरी ती सांभाळायचं काम सगळं घर करतं. ते काम ऑपरेशनच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि नंतरही वर्षानुवर्षं चालतं. त्या कामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

फट पडते कशी

नाकाखाली बोट लावून पाहा. दोन उभ्या कडा आणि मध्ये पन्हाळीसारखी खाच लागते. चेहरा जुळून तयार होतो त्याची ही खूण प्रत्येकाकडे असते. गर्भाच्या चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येतात आणि मध्ये जुळतात. ओठाची जुळणी गर्भधारणेनंतर चौथ्या ते सातव्या आठवड्यात होते, टाळूची त्यानंतर, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत. ती राहून गेली की फट राहते. कधी नुसत्या ओठाला, कधी नुसत्या टाळूला, कधी दोन्हींना. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला असं होतं. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात, म्हणजे या हिशेबानं अशी तीसेक हजार घरं दर वर्षी नव्यानं या वाटेला लागतात.

कारण एकच सांगता येत नाही. काही गुणसूत्रांतून आलेलं, काही आईच्या पोटातल्या परिस्थितीतून. सिगारेटचा धूर, गरोदरपणाआधीपासून असलेला मधुमेह, फिट्सवरची काही औषधं यांनी धोका वाढतो. (फिट्सची गोळी मनानं मात्र कधीही बंद करू नये. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं.) बहुतेक घरांत यातलं एकही कारण सापडत नाही. आमच्याकडेही सापडलं नाही.

पण घराला कारण हवंच असतं, आणि ते आईच्या अंगावर टाकणं सगळ्यात सोपं पडतं. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एक बाई वहिनीला म्हणाल्या, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" वहिनी काही बोलली नाही. नंतर तीन-चार महिने ती मनातल्या मनात तारखा मोजत होती, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

म्हणून हे स्पष्ट लिहिते. ओठ सातव्या आठवड्यापर्यंत तयार झालेला असतो. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या ग्रहणात कुणी विळीवर भाजी चिरली, तर महिन्यांपूर्वी घडून झालेला ओठ पुन्हा दुभंगणार कसा? आणि जिथे ग्रहण पाळायची रीतच नाही, त्या देशांतही अशी बाळं जन्मतातच. बाळंतिणीला तो प्रश्न विचारू नका. शेजारी बसलेल्या कुणी विचारला तर तिथल्या तिथे उत्तर द्या, तिला द्यायला लावू नका.

दूध

पहिलं वर्ष म्हणजे दूध. बाळ अंगावर पितं तेव्हा ओठांनी आणि टाळूनं तोंड बंद करून आत पोकळी तयार करतं, आणि त्या ओढीनं दूध येतं. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बरीच बाळं थोड्या मदतीनं अंगावर पितात. टाळूला फट असेल तर ओढच तयार होत नाही. स्ट्रॉला चीर पडल्यावर सरबत वर येत नाही, तसंच. बाळ तोंड हलवत राहतं, दमतं, झोपी जातं, आणि पोटात जवळजवळ काही गेलेलं नसतं. जे जातं त्यातलं थोडं नाकातून बाहेर येतं. पहिल्यांदा ते पाहिल्यावर छातीत धस्स होतं.

उपाय साधे आहेत, पण कुणीतरी ते पहिल्या दिवशी दाखवावे लागतात. आईचं दूध काढून वाटी-चमच्यानं, पळीनं किंवा आपल्या जुन्या बोंडल्यानं पाजायचं. अशा बाळांसाठी हलकेच दाबता येणाऱ्या मऊ बाटल्याही मिळतात. बाळाला आडवं न ठेवता बसतं धरायचं, म्हणजे दूध नाकाकडे कमी जातं. धार गालाच्या आतल्या बाजूनं सोडायची. हवाही बरीच गिळली जाते, म्हणून मध्ये मध्ये थांबून ढेकर काढायचा. एक पाजणी अर्ध्या तासाच्या पुढे नेऊ नये, कारण त्यापुढे बाळ मिळवतं त्यापेक्षा जास्त ताकद खर्च करतं. आणि वजन दर आठवड्याला. ‘बाळ बारीक दिसतंय’ असल्या अंदाजावर जाऊ नये, आकडा लिहून ठेवावा.

हिशेब करून पाहा. दिवसाला आठ पाजण्या. प्रत्येकीत दूध काढणं, पाजणं, ढेकर, कपडे बदलणं, भांडी उकळणं मिळून सहज एक तास. म्हणजे चोवीस तासांतले आठ तास, रात्रीसकट. एखाद्या नोकरीइतकं काम, सुट्टी नाही, आणि ते करणारी बाई नुकतीच बाळंत झालेली. आमच्याकडे भावानं रात्री दोनची आणि पहाटे पाचची पाजणी स्वतःकडे घेतली. बाळ वाटी-चमच्यानं पीत असल्यामुळे ते शक्य झालं. मला विचाराल तर त्या घरातला सगळ्यात मोठा उपचार तोच होता.

घर कसं जगतंय, हे मोजतात कसं

डॉक्टर आणि संशोधक ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ असा शब्द वापरतात. जीवनमान म्हटलं की आपल्याला पगार, घर, गाडी आठवते. इथे अर्थ वेगळा आहे: दिवस कसे जातात, झोप लागते का, माणसांत मिसळावंसं वाटतं का, नवरा-बायको एकमेकांशी बोलतात का.

हे मोजायला तयार प्रश्नावल्या आहेत. त्यातली एक २००४ साली आली, ‘पेड्सक्यूएल फॅमिली इम्पॅक्ट मोड्यूल’. आजारी किंवा खास काळजी लागणाऱ्या मुलाच्या आईबापांना तीत ३६ प्रश्न विचारतात. गेल्या महिन्यात सकाळी उठतानाच थकवा जाणवला का? एकटं पडल्यासारखं वाटलं का? कुटुंबाला आपली अडचण कळत नाही असं वाटलं का? उपचार लागू पडतील का याची चिंता वाटली? घरातली कामं उरकायला वेळ पुरला? प्रत्येक उत्तर ‘कधीच नाही’ पासून ‘जवळजवळ नेहमीच’ पर्यंतच्या पाच पायऱ्यांत द्यायचं, आणि शेवटी शून्य ते शंभरमध्ये गुण निघतात.

गुणांपेक्षा मला ते प्रश्नच महत्त्वाचे वाटतात. आमच्या घरी त्या पहिल्या वर्षात आलेल्या प्रत्येकानं बाळाचं वजन विचारलं. वहिनी झोपते का, हे कुणीही विचारलं नाही.

अशा पाहण्यांतून काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. मुलगा किंवा मुलगी लहान असताना, विशेषतः पहिली ऑपरेशनं होईपर्यंत, घरावरचा भार सगळ्यात जास्त असतो. तो बहुधा आईकडे अधिक जातो. नातेवाइकांचा आधार आणि उपचारांची नीट माहिती ज्यांना मिळते ती घरं लवकर सावरतात. आणि फट किती मोठी यावरून घराला होणारा त्रास ठरत नाही. ओठाला बारीकशी खाच असलेल्या मुलीचे आईवडील खचलेले असू शकतात, आणि दोन्ही बाजूंनी दुभंगलेल्या मुलाचं घर हसतंखेळतं असू शकतं.

आमच्याकडे भार कशाचा होता? बारशाचा. बारावा दिवस आला आणि ठरेना. "ओठ शिवला की करू, मोठं करू," असं एकानं सुचवलं. त्यामागचा अर्थ सगळ्यांना कळत होता: फोटोत दिसायला नको. वहिनी एसटीत बाळाचं तोंड दुपट्यानं झाकून बसायची, उन्हाळ्यातसुद्धा. शेवटी आईच म्हणाली, "नाव ठेवायला ओठ कशाला लागतो?" बारसं बाराव्या दिवशीच झालं. त्या दिवसाचे फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर आहेत. माझं सांगणं आहे, असे फोटो काढा आणि जपून ठेवा. मूल मोठं झाल्यावर ‘मी कसा दिसायचो?’ असं विचारतं, आणि दाखवायला काही नसलं तर लपवण्यासारखं काहीतरी होतं असंच त्याला वाटतं.

ऑपरेशनं, एक नव्हे

ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान होतं. त्यासाठी एक जुना ठोकताळा आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलोच्या आसपास, हिमोग्लोबिन दहा. वजन भरत नाही म्हणून तारीख पुढे जाते आणि आईला वाटतं आपण नापास झालो. टाळूचं ऑपरेशन नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, बोलणं फुटायच्या सुमारास. हिरडीत फट असेल तर सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान कमरेच्या हाडातला थोडा भाग काढून तिथे बसवतात, म्हणजे सुळा उतरायला हाड मिळतं. मग दातांच्या तारा. काहींना वाढ पूर्ण झाल्यावर, सतरा-अठराच्या पुढे, जबड्याचं किंवा नाकाचं ऑपरेशन. दवाखान्याशी नातं अठरा-वीस वर्षांचं, हे पहिल्याच आठवड्यात माहीत झालेलं बरं. आम्हाला तुकड्या-तुकड्यानं कळलं, आणि प्रत्येक वेळी ‘अजून राहिलंय?’ असा धक्का बसला.

ओठ शिवल्यानंतर भावाला एक विचित्र गोष्ट वाटली. बाळ थिएटरमधून बाहेर आलं, ओठ सुंदर जुळलेला, आणि भावाच्या डोळ्यांत पाणी. आनंदाचं होतं, पण सगळं आनंदाचं नव्हतं. ज्या रुंद हसण्यावर तीन महिने जीव लावला होता ते गेलं होतं. त्याला याची लाज वाटली. खरं तर पुष्कळ आईबापांना असंच वाटतं. ज्या चेहऱ्यावर माया बसते तो एका सकाळीत बदलतो. काही दिवसांत नव्या चेहऱ्याची सवय होते.

कान आणि बोलणं

टाळू उचलणारे स्नायू आणि कानाला नाकाच्या मागच्या बाजूशी जोडणारी नळी उघडणारे स्नायू शेजारी-शेजारी असतात. टाळू दुभंगलेली असली की ती नळी नीट उघडत नाही आणि पडद्यामागे पाणी साचतं. अशा जवळजवळ सगळ्याच बाळांना ते होतं. दुखत नाही, वाहत नाही, फक्त ऐकू कमी येतं, जणू कानात कापूस. हाक मारली तर मूल बघत नाही, आणि घरचे म्हणतात हट्टी आहे. म्हणून कानांची तपासणी ठरावीक अंतरानं हवीच. गरज पडली तर पडद्यात बारीक नळी बसवतात.

आता बोलणं. प, ब, ट, क, स हे उच्चारताना आपण तोंडात हवा दाबतो आणि सोडतो. टाळूचा मागचा भाग वर जाऊन नाकाची वाट बंद करतो म्हणून ते जमतं. ती वाट उघडी राहिली तर हवा नाकातून निसटते. ‘ब’ म्हणताना नाकातून हवा गेली की त्याचा ‘म’ होतो, ‘त’ चा ‘न’ होतो. नाकाची ती आतली वाट बंद न करता ‘बाबा’ म्हटलं की काय ऐकू येईल? ‘मामा’.

माझ्या भावाला त्याच्या मुलानं जवळजवळ अडीच वर्षांचा होईपर्यंत मामा म्हटलं. मी आत्या, मला ‘आन्या’ म्हणायचा. आम्ही सगळे ते गोड मानून तसंच म्हणायला लागलो, आणि ती आमची चूक होती. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं, तो म्हणेल तसं म्हणू द्या, रागावू नका, पण तुम्ही शब्द नीट म्हणा, त्याला तोंडाकडे बघू द्या. मूल हवा दाबण्यासाठी घशातून झटका देण्याची सवय लावून घेतं, आणि ती पक्की झाली की मोडायला वेळ लागतो. म्हणून टाळू शिवली की लगेच वाचा-उपचार सुरू व्हायला हवेत. काही मुलांना त्यानंतरही टाळूवर दुसरं ऑपरेशन लागतं, कारण स्नायू पुरेसा वर पोचत नाही. व्यायामानं ते अंतर भरत नाही. फुगे फुगवायला लावले तर बोलणं सुधारतं, असं बरेच जण सांगतात, पण तसं होत नाही. बोलणं सुधारतं ते आवाज आणि शब्दांचा सराव केल्यानं.

‘बाबा’ आलं तो दिवस मंगळवार होता. भाऊ कामावर होता, फोनवर ऐकवलं.

पैसा आणि वाट

ओठ-टाळूचं ऑपरेशन मोफत होऊ शकतं हे अजूनही बऱ्याच घरांना माहीत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जन्मतः असणाऱ्या ज्या दोषांसाठी पुढचे उपचार मिळतात त्यांत दुभंगलेला ओठ-टाळूही आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या पथकाला सांगा, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. २००० सालापासून भारतात काम करणारी ‘स्माईल ट्रेन’ ही संस्थाही तिच्याशी जोडलेल्या रुग्णालयांत ही ऑपरेशनं विनामूल्य करून देते.

पण ऑपरेशन मोफत झालं तरी एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, थोरल्या लेकराला कुणाकडे ठेवायचं, हे प्रश्न राहतातच. वाचा-उपचार आठवड्याला असतात आणि ते करणारं माणूस बहुधा मोठ्या शहरात. ऑपरेशन झालेली आणि बोलण्याचे उपचार अर्धवट राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. ओठ छान, शाळेत तोंड उघडत नाहीत. माझ्या मते आता सगळ्यात जास्त हात तिथे लागायला हवेत. निदान व्हिडिओ कॉलवर तरी.

दुसऱ्या मुलाबद्दल सगळेच विचारतात, हळू आवाजात. आईबापांना स्वतःला हा दोष नसेल आणि एका मुलाला असेल, तर पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात दोन ते पाच. म्हणजे पंचाण्णवहून अधिक वेळा होत नाही. इतर दोष सोबत असतील तर हे गणित बदलतं, मग जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. फोलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यावी. मज्जारज्जूचे दोष ती टाळते हे पक्कं आहे. ओठ-टाळूबाबत पुरावे तितके एकमुखी नाहीत.

त्याला विचारलं तेव्हा

कॅनडातल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन या मुलांसाठी ‘क्लेफ्ट-क्यू’ नावाची एक प्रश्नावली तयार केली. १२ देशांतल्या मुलांवर ती तपासली, त्यात भारत होता. ती ८ ते २९ वयाच्या मुलामुलींनी स्वतः भरायची असते, आईबापांनी नाही. ओठ, व्रण, नाकपुड्या, दात, बोलणं, शाळा, मित्र, सगळ्याबद्दल वेगवेगळं विचारलं जातं. आईबापांचं उत्तर आणि मुलाचं उत्तर जुळतंच असं नाही. आईबापांना वाटतं त्याहून मूल बऱ्याचदा बरं असतं, आणि कधी त्यांना जाणवलेलंच नसतं असं काहीतरी त्याला सलत असतं.

हे वाचल्यावर मी भाच्याला सरळ विचारलं. आम्ही सगळे दहा वर्षं त्या व्रणाचा विचार करत होतो: कोणतं मलम, ऊन लागू देऊ नका, मोठेपणी पुन्हा करून घेऊ. तो म्हणाला, "व्रणाचं काय? तो तर आहेच." मग थोड्या वेळानं, "पण आत्या, मला पिपाणी वाजत नाही. जत्रेत सगळ्यांची वाजते." हिरडीपाशी, ओठाच्या मागे एक बारीक भोक राहिलं होतं, हवा तिथून नाकात जायची. कुणाच्याही यादीत ते नव्हतं.

हाड बसवायच्या ऑपरेशनच्या वेळी सर्जननी ते भोक बंद केलं. तसं त्याच वेळी करतात. जखम भरेपर्यंत फुंकायला मनाई होती, त्यानं दिवस मोजले. यंदाच्या जत्रेतून त्यानं दोन पिपाण्या आणल्या, एक स्वतःला आणि एक बाबाला.